डेबी फ्रीडमन यांचे गाणे हे औषध नव्हे

सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश जोरात फिरतो आहे. त्याचा आशय असा: डेबी फ्रीडमन या अमेरिकेतील ज्यू गायिकेला मज्जासंस्थेचा असाध्य विकार जडला होता, दावीद राजाच्या काळातील, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीची ‘मी शेबेराख’ ही आरोग्यप्रार्थना त्यांनी रोज गायली आणि त्या ठणठणीत बऱ्या झाल्या, त्यांच्यावरील माहितीपट हा याचा ‘चित्रित पुरावा’ आहे, शिवाय त्या जगातील पहिल्या स्त्री रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होत्या, आणि स्त्री म्हणूनच त्यांच्या गाण्यांवर ज्यू धर्मगुरूंनी बंदी घातली. शेवटी सल्ला दिला आहे की, ही प्रार्थना रोज एकवीस वेळा ऐकल्यास गोळ्यांची गरज उरत नाही.

असले संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. हा मात्र माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. तिला पार्किन्सन आहे. गोळीची वेळ थोडी टळली तरी तिच्या हातात चहाचा कप ठरत नाही, आणि तिने मला अगदी गंभीरपणे विचारले की, दुपारची गोळी महिनाभर बंद करून पाहायला काय हरकत आहे? तेव्हा आधी या ‘पुराव्या’विषयीच बोलू.

ॲन कॉपेल यांचा ‘अ जर्नी ऑफ स्पिरिट’ हा तो माहितीपट २००४ मधला आहे, आणि त्यात फ्रीडमन यांचा १९९७ ते २००२ या काळातील प्रवास टिपला आहे. संदेश लिहिणाऱ्याने तो पाहिला असता, तर निदान त्याचे नाव घेण्याचे धाडस केले नसते. कारण आजार बरा झाल्याची कथा त्यात नाहीच; आजार सोबत घेऊन गाणाऱ्या, गावोगावी कार्यक्रम करणाऱ्या बाईची कथा आहे. आता सनावळी पाहा. ‘मी शेबेराख’चे आज प्रसिद्ध असलेले गीत फ्रीडमन यांनी ड्रोरा सेटेल यांच्यासह १९८७ मध्ये रचले आणि १९८९ च्या अल्बममध्ये ते ध्वनिमुद्रित झाले. म्हणजे चित्रीकरण सुरू झाले तेव्हा गाण्याला दहा वर्षे होऊन गेली होती, ते स्वतः रचणारी बाई ते सतत गात होती, आणि तरीही आजार होताच. ९ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, न्यूमोनियानंतरच्या गुंतागुंतीतून त्यांचे कॅलिफोर्नियातील रुग्णालयात निधन झाले. त्या अखेरच्या दिवसांत ठिकठिकाणचे लोक जमून त्यांच्यासाठी त्यांचीच ही प्रार्थना गात होते. ज्या गाण्याने ते रचणारीचा आजार हटला नाही, त्याच्या भरवशावर माझ्या मावशीने गोळी सोडावी, असे सांगणाऱ्याला भाबडा म्हणून सोडून देता येत नाही.

या गाण्याने आजाऱ्यांना धीर मिळतो, हे मात्र मान्य करावे लागेल. अमेरिकेतील शेकडो सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांत, ते आजारी माणसांची नावे घेऊन गायले जाते आणि फ्रीडमन स्वतः आजाऱ्यांसाठी अशा प्रार्थनासभा घेत असत. पण त्यात नुसते बरे होण्याचे मागणे नाही, आयुष्य सार्थकी लावण्याचे धैर्यही मागितले आहे. धैर्य मागणारा माणूस डॉक्टरला रजा देत नाही.

तीन हजार वर्षांची गोष्ट अर्धवट खरी, तीही ओढूनताणून. ‘मी शेबेराख’ हा प्रार्थनाप्रकार जुना आहे, पण दावीद राजाशी त्याचा संबंध नाही, तो मध्ययुगातला. हे विशिष्ट गीत, त्यातील इंग्रजी ओळी आणि चाल हे सर्व विसाव्या शतकातले असून, आपल्याकडे साठीशांत करतात तशा, एका मैत्रिणीच्या साठाव्या वर्षानिमित्त योजलेल्या विधीसाठी ते रचले गेले. खरे तर त्याचे नवेपण हेच फ्रीडमन यांचे कर्तृत्व आहे. तरुणपणी त्या एका सिनेगॉगमध्ये गेल्या असता रब्बाय बोलत होते, गायकवृंद गात होता आणि जमलेली माणसे नुसती बसून होती. ते त्यांना खटकले. मग त्यांनी बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथातील देवावर प्रेम करण्याच्या आज्ञेला गिटारवर, अमेरिकन लोकगीतांच्या ढंगाची, कोणालाही गाता येईल अशी चाल लावली आणि उन्हाळी शिबिरांतील मुलांना शिकवली. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. पहिला अल्बम १९७२ चा. पुढे २० हून अधिक झाले, आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मैफलही झाली. ‘ज्यू भक्तिसंगीत हजारो वर्षे जसेच्या तसे राहिले’ हे त्याच संदेशातले वाक्य तर महाराष्ट्रात कोणी पुढे पाठवूच नये. येथील बेने इस्रायल या ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकातच बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली आहेत.

उरलेले दोन मुद्दे चटकन आटोपतात. फ्रीडमन रब्बाय नव्हत्याच. अमेरिकेत पाठशाळेतून दीक्षा घेतलेल्या पहिल्या स्त्री रब्बाय सॅली प्रीसँड, १९७२ मध्ये. जर्मनीत रेगिना योनास यांना तो मान १९३५ मध्येच मिळाला होता. बंदीबद्दल एवढेच खरे की, कर्मठ ज्यू परंपरेत पुरुषांनी स्त्रियांचे गाणे ऐकण्यावर निर्बंध आहेत, आणि शास्त्रोक्त गायकीच्या काही अभिमान्यांनी फ्रीडमन यांच्या चालींना ‘शिबिरातली गाणी’ म्हणून नाक मुरडले. पण सुधारणावादी ज्यूंच्या हिब्रू युनियन कॉलेजने त्यांना २००७ मध्ये अध्यापनासाठी बोलावले आणि त्यांच्या निधनानंतर आपल्या धर्मसंगीत विद्यालयाला त्यांचेच नाव दिले.