तोंडाला कुलूप, हातात वही

"दिवसभर खेळतच असाल की हो, मजा आहे तुमची!" असं लोक म्हणतात तेव्हा मी नुसता हसतो. बोर्ड गेम डिझायनर दिवसभर कात्री चालवतो. एका पत्त्यावरचा तीनचा आकडा दोन केला की त्याच्या जिवावर उभे असलेले बाकीचे पत्ते लंगडे पडतात. मग ते सगळे पुन्हा लिहा, छापा, कापा आणि प्लास्टिकच्या पाकिटांत सरकवा. आमच्या सोफ्याखाली हात घातला तर धूळ नंतर लागते, आधी लाकडी ठोकळे लागतात. आणि एवढं करून खेळ मांडला की खेळतात इतर. माझ्या वाट्याला गप्प बसणं येतं.

या धंद्यात 'ब्लाइंड प्लेटेस्ट' नावाची एक शिक्षा आहे. ज्यांनी खेळ कधी पाहिलेला नाही अशा मंडळींपुढे कच्चा नमुना आणि नियमपुस्तिका ठेवायची. त्यांनी आपलं आपण वाचायचं, आपलं आपण खेळायचं. डिझायनरने कोपऱ्यात वही घेऊन बसायचं आणि आभाळ कोसळलं तरी तोंड उघडायचं नाही. कारण उघड आहे. उद्या खेळ विकला गेला तर प्रत्येक खोक्यासोबत मी काही त्या घरी जाणार नाही. हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण आपल्या जहाजांच्या खेळात चार माणसं दीपगृहाच्या डोक्यावर जहाज उभं करतायत हे बघत बसायला तत्त्वाचा उपयोग होत नाही.

गेल्या वेळी टेबलाभोवती माझा मेहुणा होता, त्याचा एक मित्र, मावशी आणि पुतणी. नियमपुस्तिका मेहुण्याने हातात घेतली. दीड पान मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "कळलं, कळलं. बाकीचं खेळता खेळता समजेल." जगातल्या तमाम नियमपुस्तिका या एका वाक्याने मारल्या आहेत. माझा सगळ्यात लाडका नियम तिसऱ्या पानावर होता. दर पाळीला जहाजाचं इंधन खर्च व्हायचं, असा. कितीतरी रात्री जागून मी ते इंधन तोलून धरलं होतं. मी वहीत 'पान ३' लिहिलं आणि पेन इतकं दाबलं की ते पान ५ वरही उमटलं.

मेहुणा स्वतःची पाळी खेळून थांबणाऱ्यातला नाही. तो सगळ्यांच्या पाळ्या खेळतो. मित्राचं उलट. तो ठोकळा उचलायचा, हवेत धरायचा, खाली ठेवायचा, मग म्हणायचा, "एक मिनिट हं." त्या एका मिनिटात पुतणीने माझे सगळे पत्ते रंगांप्रमाणे लावून ठेवले.

मावशींनी जहाज बाराच्या बंदरात नेऊन ठेवलं. आता दोन फाशांची 36 दानं होतात. त्यांत सातची बेरीज सहा प्रकारे पडते आणि बाराची एकाच प्रकारे. म्हणूनच मी बाराच्या बंदरात खजिना ठेवला होता. बारा काही पडेना. मावशी म्हणाल्या, "फासे खोटे आहेत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "नाहीतर याचं गणित चुकलं असेल. पहिल्यापासून कच्चाच तो." मी चार फुटांवर बसलो होतो. छत्तिसातल्या एका शक्यतेवर माझ्याकडे उत्तम व्याख्यान तयार होतं. ते गिळलं.

इंधनाचा नियम कुणाला माहीतच नव्हता, त्यामुळे जहाजं फुकटात मोकाट फिरू लागली. तेवढ्यात मेहुण्याला दोन्ही फाशांवर सारखं दान पडलं आणि त्याने बिनदिक्कत मावशींचं जहाज बंदराबाहेर ढकललं. "असा नियम आहे?" पुतणीने विचारलं. "असणारच," मेहुणा म्हणाला. असा नियम नव्हता. पण पुढच्या पाळीला मावशींनी त्याचं जहाज ढकललं, आणि मग जो काही गोंधळ सुरू झाला! मित्रसुद्धा विचार न करता खेळू लागला. वहीत मी लिहिलं, "नियम चुकला." त्याच्या पुढे लिहावं लागलं, "हसताहेत."

खेळ संपल्यावर मंडळींना अभिप्राय विचारायचा असतो. मावशी म्हणाल्या, "छान आहे हो." हा शब्द ऐकला की डिझायनर मनातल्या मनात खेळाला तिलांजली देतो. 'परत मांडा' म्हणाले तर खेळ जगला. इथे ते परत मांडायलाच निघाले होते, पण पुतणी म्हणाली, "काका, तुमच्यापेक्षा आमचाच नियम ठेवा ना." इंधन त्या रात्री गेलं.

तेव्हापासून मेहुण्याला खोक्यावर नाव हवं आहे. मी त्याला सांगितलं की, बाबा रे, इथे डिझायनरचंच नाव खोक्यावर सहज येत नसे. 1988 साली न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात तेरा डिझायनरांनी बिअरच्या ग्लासाखालच्या चकतीवर सह्या केल्या, की आमचं नाव वर छापणार नसाल तर तुम्हाला खेळ देणार नाही. मग त्याला लिझी मॅगीची गोष्ट सांगितली. जमीनदारी किती वाईट हे दाखवायला तिने खेळ केला आणि 1904 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. त्यातूनच मोनोपॉली निघाला, पण 1935 मध्ये तो कंपनीला विकला चार्ल्स डॅरोने आणि कितीतरी वर्षं जनक म्हणून नाव झालं त्याचंच. मॅगीला पेटंटचे 500 डॉलर मिळाले. मेहुणा गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे मी मॅगी आणि तुम्ही डॅरो."

मी म्हटलं, नियमाच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. शब्दांवर असतो, चित्रांवर असतो. दुसऱ्या दिवशी त्याने एका जहाजाचं चित्र काढून पाठवलं.

बरं, वाटून घ्यायला आहे काय? डिझायनरचा वाटा सहसा घाऊक किमतीच्या पाच-सात टक्क्यांच्या आसपास. 'कटान' हा गाजलेला बोर्ड गेम करणारे क्लाउस टॉयबर दंततंत्रज्ञ होते. 1995 मध्ये खेळ आला, त्याच वर्षी जर्मनीचा सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार मिळाला, तरी पुढची काही वर्षं त्यांनी दातांचं काम सोडलं नाही. स्क्रॅबलचे आल्फ्रेड बट्स बेकार वास्तुविशारद. वर्तमानपत्रात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसले आणि कंपन्यांकडून नकार घेत राहिले. नोकरी गेलेला माणूस पेपर वाचायचा सोडून त्यातले 'ई' मोजतोय, हे बघून घरच्यांना काय वाटलं असेल! राइनर क्नित्सिया यांचे सहाशेहून जास्त खेळ प्रसिद्ध झालेत, पण ते गणितातले डॉक्टर आहेत. त्यांना कुणाची मावशी कच्चा म्हणणार नाही.

शेवटी एका प्रकाशकाने खेळ बघायला बोलावलं. त्यांनी नियमपुस्तिका उघडली, दीड पान वाचलं आणि म्हणाले, "कळलं, कळलं." मग म्हणाले, जहाजं नकोत, ड्रॅगन करा, ड्रॅगन विकले जातात. दीपगृहाची गुहा होईल. मी मान डोलावली. मग त्यांनी फासे टाकले, दोन्हींवर सारखं दान पडलं, समोरच्याला ढकललं आणि ते खुर्चीतून उठलेच. "हाच तुमच्या खेळाचा जीव आहे! कसं काय सुचलं तुम्हाला?"

इतकी वर्षं गप्प बसायचा सराव केला होता, तो तिथे कामी आला.