एका आकड्यासाठी जावास्क्रिप्ट कशाला?

पावसाळ्यात कोल्हापूरकराला नेटवर एकच आकडा बघायचा असतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे. 39 ला इशारा, 43 ला धोका. आणि पान उघडावं तर पांढरंफटक! मधोमध एकच ओळ, 'कृपया जावास्क्रिप्ट चालू करा.'

जावास्क्रिप्ट म्हणजे पानासोबत येऊन आपल्या ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम; मी तो बंद ठेवतो. का म्हणून चालू करू? मजकूर दाखवायला साधं एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची मूळ भाषा, पुरतं. ते 1995 साली जावास्क्रिप्ट आली त्याच्याही आधीपासून चालत आलंय. चालू केलं की आधी कुकीची (साइट मोबाइलवर ठेवते त्या खुणेची) परवानगी मागणारी पट्टी, मग नोटिफिकेशनची परवानगी, कोपऱ्यात आपोआप वाजणारा व्हिडिओ. आकडा सगळ्यात शेवटी! मागच्या मागं जाहिरातवाल्यांच्या स्क्रिप्ट स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन गोळा करून माझा मोबाइल ओळखून ठेवतात. कुकी पुसली तरी ही ओळख पुसत नाही. नदीचं पाणी बघणाऱ्याची एवढी चौकशी कशाला रे?

बंद ठेवलं की पानं झटक्यात येतात, जुना मोबाइल तापत नाही. पुरात लाईट गेल्यावर उरलेली बॅटरी किती मोलाची, हे पंचगंगेकाठच्या चिखली गावच्या लोकांना विचारा. बँकेला, नकाशाला स्क्रिप्ट लागते, मान्य. तेवढ्या साइटपुरती मी चालू करतो. पण बातमी? एसटीचं वेळापत्रक? लिहा की राव सरळ पानातच!