संत्र्याला साबण!

2020 च्या मार्चात नागपूरच्या कळमना बाजारातून आणलेली संत्री आम्ही कोरोनाच्या भीतीनं साबणाच्या पाण्यात घासघासून धुतली. अरे, संत्री! जी सोलूनच खायची असतात! दुधाच्या पिशव्या धुतल्या, नोटांवर इस्त्री फिरवली, पेपर दोन दिवस उन्हात ठेवला. रोग पसरत होता मुख्यतः हवेतून, आणि आम्ही खिडक्या गच्च लावून बसलो! काय म्हणावं याला?

पण खरी चीड वेगळीच आहे. मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात, सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढलेला पोरगा म्हणाला, "भाऊ, थोडं पाणी द्या ना." मी दार लावून घेतलं. कशासाठी? ग्लास बाटला असता? गॅलरीत वाळा घातलेला माठ काठोकाठ भरलेला होता. त्याच्या ओंजळीत तांब्याभर पाणी ओतायला काय जात होतं माझं?