चौकाला नाव आहे, प्रसंगाला फलक हवा

पुणे रेल्वे स्थानकाला कोणाचे नाव द्यावे, यावर २०२५ मध्ये पेटलेला वाद मी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात बसून वाचत होतो. थोरल्या बाजीरावांचे नाव पुढे आले, मग इतर थोरांची नावे सुचवली गेली आणि पाहता पाहता चर्चा कर्तृत्वावरून जातीवर घसरली. त्याआधी लोहगाव विमानतळाला संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलाच होता. या मागण्यांमागचा आदर खरा आहे आणि त्याला माझा विरोध नाही. मात्र नाव ठरवण्यात आपण जेवढी शक्ती वेचतो, तिचा दहावा हिस्साही त्या जागी काय घडले हे लिहून ठेवण्यावर वेचत नाही, ही खंत मला परदेशात राहून अधिक जाणवते.

व्हर्जिनिया राज्यात १९२७ पासून महामार्गांच्या कडेला इतिहासफलक उभे केले जात आहेत आणि आज त्यांची संख्या अडीच हजारांहून अधिक आहे. रुपेरी पत्र्यावर काळी अक्षरे, शीर्षक, साधारण शंभर शब्दांचा मजकूर आणि तळाशी संबंधित विभागाचे नाव व वर्ष, एवढेच त्यांचे रूप. नव्या फलकाचा खर्च आता बहुतेक वेळा त्याची मागणी करणारी संस्था किंवा गावकरी उचलतात. मजकूर मात्र राज्याच्या मंडळाने तपासून मंजूर करावा लागतो. पैसे देणाऱ्याला इतिहास आपल्या मनासारखा लिहून घेता येत नाही, ही मला या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

ही पद्धत निर्दोष होती असे मुळीच नाही. सुरुवातीच्या दशकांतले फलक यादवी युद्धातल्या लढाया आणि सेनापती यांनी भरलेले होते, आणि ज्यांच्या घामावर हा प्रदेश उभा राहिला त्या गुलामांचा उल्लेख त्यांत क्वचितच सापडे. ती उणीव अलीकडे जाणीवपूर्वक भरून काढली जात आहे. फार्मव्हिल गावातल्या मोटन हायस्कूलजवळही असा फलक आहे. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सच्या पुढाकाराने तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अपुऱ्या, गळक्या वर्गांच्या विरोधात शाळेवर बहिष्कार टाकला, आणि त्यातून उभा राहिलेला खटला पुढे शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालाचा भाग झाला. तो निकाल पाळण्याऐवजी त्या काउंटीने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे आपल्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या.

पुण्यात रस्त्याकडेला सर्वाधिक वाचायला मिळते ती कोनशिला. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत ‘शुभहस्ते’, ‘प्रमुख उपस्थिती’, ‘विशेष प्रयत्न’ यांखाली नावांची उतरंड असते. पूल का बांधला, तिथे आधी काय होते, याविषयी सहसा एक ओळही नसते. महापालिकेने नामवंतांच्या घरांवर लावलेले नीलफलक हे खरोखर चांगले काम आहे, परंतु इथे कोण राहत होते एवढ्यावर ते थांबतात. प्रसंग, पाणी, साथ आणि पूर यांना घर नसते.

कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नानासाहेब पेशव्यांच्या काळात जमिनीखालून बांधून काढलेला नळ घ्या. पंपाविना, केवळ उताराच्या हिशेबावर शहराला पाणी पाजणाऱ्या त्या नळाच्या वाटेवर सातारा रस्त्याने रोज हजारो लोक ये-जा करतात. मधले उच्छ्वास, म्हणजे नळावर ठेवलेली उभी तोंडे, कशासाठी होते, काळा हौद आणि सदाशिव पेठेतला हौद भरत कसे, हे प्रत्येक टप्प्यावर लिहिले, तर पाणीकपातीच्या दिवसांत ते वाचणारे पुणेकर खात्रीने थांबतील. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर पाणी कुठवर चढले होते, त्याच्या खुणाही नदीकाठच्या पेठांत तारखेसह जपायला हव्यात, कारण त्याच पात्रालगत आपण आज बांधकामे करत आहोत.

कठीण मजकूर गणेशखिंडीचा असेल. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर केलेला हल्ला, दोन्ही याच परिसरातले. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, हे लिहायचे. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला, हेही लिहायचे. मंजुरीआधी असा मसुदा महिनाभर लोकांसमोर ठेवावा, हरकती पुराव्यानिशी मागवाव्यात आणि मग इतिहास संशोधक मंडळातल्या, विद्यापीठातल्या जाणकारांनी तो पक्का करावा. वाद तेव्हाही होतील, पण ते कागदपत्रांवर होतील आणि नवे पुरावे मिळाल्यास फलक बदलताही येईल.

अशी सुरुवात बुधवार पेठेतून व्हावी. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू केली, तो भिडे वाडा अनेक वर्षांच्या न्यायालयीन लढाईनंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. तिथल्या फलकावर शाळेचा वृत्तान्त असेलच. त्यासोबत मूळ वाडा कधी आणि का पाडला गेला, मधली वर्षे तो कोणत्या अवस्थेत होता, हेही महापालिकेने स्वच्छ शब्दांत लिहावे.