पाणी फुकट, हवा फुकट, आणि मीटर?

आठवडाभरात हा मेसेज मला पाच ठिकाणांहून आला. तालमीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला आणि काल खानापुरातून मामांनी पाठवला, खाली विचारलंय, "खरं काय रे? किट मागवू काय?" मजकूर थोडक्यात असा: जर्मनांनी हवा-पाण्यापासून पेट्रोल करायचा नवा शोध लावला, बादलीभर पाण्यात गाडी महिनाभर पळते, चिलीत कारखानाही सुरू झाला, तेल कंपन्या बातमी दाबतात, आणि गाडीला बसवायचं किट आपल्याकडे मिळतं.

मामा, यातलं थोडं खरं आहे, म्हणून तर बाकीचं खपतं.

"नवा शोध" आधी खोडा. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडपासून द्रव इंधन करायची कृती फिशर आणि ट्रॉप्श या दोघांनी जर्मनीत 1920च्या दशकातच बसवली. दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनी 1955 पासून कोळसा वापरून तेच करते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात छापलेली गोष्ट दाबणार कोण?

पाण्याचा हिशोब मात्र, गंमत म्हणजे, फारसा चुकलेला नाही. एक लिटर पेट्रोलसाठी साधारण तीन लिटर पाणी फोडून त्यातला हायड्रोजन काढावा लागतो, त्यातलं दोन लिटर पाणी शेवटी परत मिळतं. म्हणजे बादलीभर पाण्यात पंधरा लिटर पेट्रोल. पण ते पाणी फोडायचं कशाने? विजेने. मेसेजमध्ये नेमका हाच शब्द कुठे नाही.

एका लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ 9 युनिट ऊर्जा असते. हायड्रोजन काढणं, हवेतून कार्बन डायऑक्साइड गोळा करणं, दोन्ही जोडणं, या सगळ्यात निम्म्याहून जास्त वाया जाते. म्हणून लिटरमागे 20 युनिट धरा. हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल काढून गुणाकार करा. सहा रुपयाने धरलं तरी नुसत्या विजेचे 120 झाले, कारखाना वेगळाच. तेवढं एक लिटर पेट्रोल घालून तुमची स्कूटर खानापूर-बेळगाव जाऊन-येऊन संपवते. तीच 20 युनिटं इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीत भरली, तर चार-सहा वेळा चार्ज करून का होईना, बंगळूर गाठता येतं.

हवा फुकट आहे, पण विरळ आहे. कार्बन डायऑक्साइड तिच्यात फक्त 0.04 टक्के. एक लिटर पेट्रोलपुरता तो गोळा करायला दहा बाय दहाच्या शंभरेक खोल्यांतली हवा गाळावी लागते, तीही एक कण न सोडता. आपल्या जिल्ह्यात हा खटाटोप मला तर वेडेपणाच वाटतो. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवताना जितकं अल्कोहोल होतं, वजनाने जवळपास तितकाच कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तोही बऱ्यापैकी शुद्ध. कुणाला खरंच करायचं असेल तर सौंदत्तीकडच्या पवनचक्क्या आणि ही डिस्टिलरी यांची गाठ घालावी.

चिलीचा कारखाना खरा आहे. पुंता आरेनासजवळ, नाव हारू ओनी, डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. पोर्शे, सीमेन्स एनर्जी अशी नावं त्यामागे आहेत. तिथे वारं सतत सुटलेलं असतं, म्हणून जागा ती निवडली. पण त्याची क्षमता वर्षाला 1 लाख 30 हजार लिटर, म्हणजे बारा हजार लिटरचे अकरा टँकर. शिवाय सुरुवातीचा कार्बन डायऑक्साइड हवेतून काढलेलाही नव्हता, जैविक स्रोतातून आणलेला होता. हे इंधन विमानांसाठी लागेल, कारण बॅटरी घेऊन विमान लांब जात नाही. युरोपीय संघाने 2030 पासून विमान-इंधनात त्याचा थोडा वाटा सक्तीचा केलाय. स्कूटरसाठी नव्हे.

आता किट. बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या दोस्ताने बाईकला बसवून घेतलं होतं: प्लास्टिकची बरणी, आत स्टीलच्या पट्ट्या, कॉस्टिकचं पाणी, बॅटरीवरून दोन वायरी. हायड्रोजनचे बुडबुडे झकास येतात, आणि बघणारा तिथेच फसतो. पण बॅटरी भरतं कोण? इंजिनच, पेट्रोल जाळून. 12 व्होल्टवर 10 अँपिअर तासभर घेतले तर, काहीही वाया गेलं नाही असं मानलं तरी, मिळतं ते अडीच-तीन चमचे पेट्रोलएवढं. आणि ती वीज करायला इंजिनाने त्याच्या निदान चौपट जाळलेलं असतं. दोस्ताने महिनाभर वहीत लिहून बघितलं. अ‍ॅव्हरेज तेच, वर पट्ट्यांचा गंज पाण्यात उतरून सगळं चहासारखं लाल झालेलं.

तमिळनाडूचा रामर पिल्लै आठवतो? 1996 मध्ये पाण्यात पाला उकळून पेट्रोल करून दाखवणारा. 2016 मध्ये कोर्टाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली.

तेव्हा मामा, किट मागवू नका. अ‍ॅडव्हान्स दिला असेल तर आजच फोन लावून परत मागा, आणि ते "पुढच्या महिन्यात" म्हणाले तर मला सांगा, रविवारी मी येतोच आहे.