उंटाचं भाडं

आमच्या बुद्धिबळातला काळा उंट हरवला. पंधरा दिवस त्याच्या जागी खोडरबर उभं केलं, पण खोडरबर तिरकं चालतं हे समोरच्याला दर डावात नव्याने पटवून द्यावं लागायचं. शेवटी सुट्ट्या सोंगट्या विकणारा एक जण ऑनलाइन सापडला. उंट कार्टमध्ये टाकला, पत्ता भरला, तळाची बेरीज पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. उंटाच्या तिप्पट उंटाचं भाडं!

मी तिथल्या तिथे चॅटवर लिहिलं, "अहो, उंट 15 ग्रॅमचा आहे. तो काय विमानात खिडकीशी बसून येणार आहे का?"

"सर, आमच्या कुरिअरचा स्लॅब 500 ग्रॅमचा आहे. त्याच्या आत काहीही पाठवा, भाडं तेच."

"म्हणजे उरलेल्या 485 ग्रॅमचे पैसे मी कशाचे देतोय?"

"बॉक्सचं वजन धरूनही आणखी वीसेक उंट त्याच भाड्यात येतील, सर."

क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण अख्ख्या पटावर मिळून उंट चार. मग मी त्याला धंदा कसा करावा यावर चांगलं लांबलचक लिहिलं. उंट हातात नव्हता, तरी शेळ्या मात्र त्याच्यावरूनच हाकत होतो. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: "एकदा पाठवून बघा, सर."

हे लागलं. कोपऱ्यात एक कापडी लॅम्पशेड कित्येक महिने उलटी पडून होती. ज्या वस्तूला घरात जागा नाही ती तिच्यात, अशी आमच्याकडची व्यवस्था. वरवरच्या किल्ल्या आणि संपलेले सेल काढून घेतले, फोटो काढला आणि लॅम्पशेड विकायला टाकली. खाली ठळक अक्षरांत 'डिलिव्हरी फुकट'. दोन तासांत गेली. तेव्हाच शंका यायला हवी होती. मुरलेले विक्रेते 'फुकट' लिहिण्याआधी भाडं किमतीत कालवून ठेवतात. मी नुसतंच 'फुकट' लिहिलं होतं.

मग खोक्याचा शोध. घरातल्या प्रत्येक खोक्यात लॅम्पशेड जेमतेम दोन बोटांनी बाहेर राहायची. शेवटी एक नवंच आणलं, ते एवढं मोठं की बायको म्हणाली, "तुम्हीही बसा आत, हातोहात देऊन या." बबल रॅप आणला. 1957 साली दोन इंजिनिअर भिंतीला लावायचा कागद करायला गेले आणि हे झालं. शोध थोर आहे, पण त्यातला एक तृतीयांश आम्ही दोघांनी खोक्यात जाण्याआधीच फोडला. आणि चिकटपट्टी! तिचं टोक शोधायला नखाने गोल गोल खरवडत बसलो. सापडलं, ओढलं, तर अर्धीच पट्टी तिरकी फाटून आली आणि उरलेलं टोक पुन्हा गायब. या कामाची मजुरी कोणत्याच पावतीवर येत नाही.

कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलाने खोकं काट्यावर ठेवलं. 900 ग्रॅम. मी एका किलोचे पैसे काढू लागलो, तर त्याने मोजपट्टी काढली. लांबी 50 सेंटिमीटर, रुंदी 40, उंची 40. तिन्हींचा गुणाकार, भागिले 5000.

"सोळा किलो, काका."

"काटा 900 ग्रॅम म्हणतोय की!"

"गाडीतली जागा सोळा किलोची जाते. काटा आणि माप यांत जे जास्त, ते लागतं. आत आहे काय?"

"लॅम्पशेड."

"आणि?"

"हवा."

"मग बिल हवेचंच आहे," तो म्हणाला आणि त्यावर इंधन अधिभार लावला.

मी म्हटलं, एवढं काय लांब जायचंय? तर म्हणे पैसा रस्त्यात कमी आणि हाताळणीत जास्त जातो. उचला, नोंदवा, वेगळं करा, चढवा, उतरवा आणि शेवटी एका माणसाने एका दारापर्यंत नेऊन बेल वाजवा. गंमत म्हणजे इंग्लंडात टपालसुधारक रोलंड हिल 1837 मध्ये पत्रांबद्दल हेच सांगत होता. त्याच्या हिशेबाने लंडनहून एडिंबरोला पत्र वाहून न्यायला पेनीचा छत्तिसावा भागच लागत होता. बाकीचा खर्च हाताळणीचा, आणि घेणाऱ्याकडून दारात वसुली करण्याचा. त्याच्या म्हणण्यावरून 1840 मध्ये एका पेनीत देशात कुठेही पत्र जाऊ लागलं. पण हिलला कुणी लॅम्पशेड पाठवायला दिली नव्हती.

तीन दिवस मी ट्रॅकिंग बघत बसलो. चौथ्या दिवशी 'ग्राहक घरी नाही' असं आलं आणि पोटात गोळा उठला. माल परत फिरला तर येतानाचं भाडंही पाठवणाऱ्याच्याच डोक्यावर. नशिबाने दुसऱ्या दिवशी दार उघडलं. तोवर माझा हिशेब झाला होता: लॅम्पशेड गेलीच, वर खिशातलेही गेले.

संध्याकाळी बाईंचा मेसेज आला. "लॅम्पशेड मिळाली, छान आहे. आतल्या तारेत बुद्धिबळाचा एक काळा उंट अडकलेला होता. हवा असेल तर पाठवते, चार्ज मात्र तुमच्याकडे."

खिडकीशी बसून कसला जातोय! सोळा किलोचा अख्खा डबा रिझर्व्ह करून गेला होता.

"ठेवून घ्या," असं बाईंना कळवलं आणि जुनी कार्ट उघडली. उंट तिथेच होता, शेजारी त्याचं भाडं. मी निमूटपणे एकाचे दोन उंट केले. भाडं तेवढंच राहिलं.