प्रमाण चेहरा कोणाचा?

वंशभेदाच्या चर्चेत तंत्रज्ञानाचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास म्हणतं, "यंत्राला कुठे काळं-गोरं कळतं? ते आपलं गणित करतं." हे मला अजिबात पटत नाही. गणित कोणाला समोर बसवून बसवलं, हे विचारायलाच हवं.

फोटोच्या फिल्मपासून बघा. १९५०च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो लॅबना एक कार्ड पाठवत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो. तिची त्वचा नीट छापून आली, की मशीन बरोबर लागलं असं धरायचं. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. पुढे तरुणी बदलल्या, पण गोरा रंग बरीच वर्षं तोच राहिला. त्यामुळे शाळेच्या ग्रुप फोटोत गोऱ्या मुलांचे चेहरे स्वच्छ यायचे आणि शेजारच्या काळ्या मुलांचे डोळे आणि दात तेवढे दिसायचे, बाकी चेहरा अंधारात गडप. पालकांच्या तक्रारी होत्याच. पण कोडॅकमधल्याच लोकांनी नंतर सांगितलंय, की गडद छटांवर काम करायला जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींमुळे. त्यांना जाहिरातीत चॉकलेटच्या आणि लाकडाच्या छटा वेगवेगळ्या दिसायला हव्या होत्या. हे वाचलं की आजही माझा संताप होतो.

बरं, हे जुनं झालं म्हणाल. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकणाऱ्या जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय तरुणीचा चेहरा कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरला सापडेना. तिने पांढरा मुखवटा चढवला आणि लगेच सापडला! पुढे २०१८मध्ये तिने आणि संशोधक टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. याला 'किरकोळ तांत्रिक त्रुटी' म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

आणि दुरुस्ती कशी होते? २०१५मध्ये गुगल फोटोजने कृष्णवर्णीय माणसांच्या फोटोंना 'गोरिला' असं लेबल लावलं. कंपनीने माफी मागितली आणि ते लेबलच काढून टाकलं. २०२४मध्ये त्याच कंपनीच्या, सांगाल तशी चित्रं बनवणाऱ्या जेमिनी या एआयने नाझी काळातले जर्मन सैनिक कृष्णवर्णीय आणि आशियाई दाखवले. त्यावर 'बघा, हे विविधतेचं थोतांड' असा गलका झाला. मला तो मान्य नाही, पण त्या चित्रांचं समर्थनही मी करणार नाही. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांनाच अत्याचाऱ्यांचा गणवेश घातला, तर त्याला प्रतिनिधित्व कसं म्हणायचं? यंत्र ज्यावरून शिकतं तो डेटा एकांगी ठेवायचा आणि वरून वेगवेगळे वर्ण भुरभुरायचे, यातून दुसरं काय निघणार? पोस्टरवर, पडद्यावर वेगवेगळे चेहरे हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण यंत्राची चाचणी कोणावर घ्यायची हे ठरवणाऱ्या खोलीत ती माणसं बसली आहेत का, हा माझा प्रश्न आहे.

कारण किंमत खरी माणसं मोजतात. जानेवारी २०२०मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय गृहस्थांना घरासमोरच, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या ठोकल्या. दुकानातून घड्याळं चोरल्याचा आरोप. सीसीटीव्हीतला धूसर चेहरा सॉफ्टवेअरने त्यांच्या जुन्या लायसन्सच्या फोटोशी जुळवला होता. चौकशीत त्यांनी सीसीटीव्हीतला तो फोटो उचलून आपल्या चेहऱ्याशेजारी धरला. दोन वेगळी माणसं आहेत, हे उघड दिसत होतं. तरीही जवळपास ३० तास ते कोठडीत होते.

त्यांनी खटला भरला. जून २०२४मध्ये तडजोड झाली: केवळ चेहरा जुळला म्हणून डेट्रॉइट पोलिसांना आता कोणाला अटक करता येणार नाही, आणि २०१७पासून या तंत्राच्या आधारे वॉरंट काढलेली सगळी प्रकरणं पुन्हा तपासायची. त्यात आणखी कोणाकोणाच्या मुलींनी हे पाहिलं असेल, ते मला जाणून घ्यायचंय.